ध्वनिशामक नळी : रायफल व पिस्तूल यांसाठीं पहिली निवड कशी झाली

गेल्या शतकांतील युद्धांच्या वृत्तांतांत, आठवणींत आणि खटल्यांच्या हकीकतींत ‘सायलेन्सर’ हा शब्द वारंवार भेटतो. ‘बंदुकीस सायलेन्सर लावला होता, म्हणून शेजारीं कोणास कळलें नाहीं,’ अशा धर्तीचें विधान वाचून वाचक पुढें जातो. अभ्यासकहि पुष्कळदां तसेंच करतो. वस्तुतः असें विधान सर्वस्वीं खरें असूं शकतें, अर्धें खरें असूं शकतें, किंवा अगदीं असंभवनीयहि असूं शकतें. या तिहींपैकीं तें कोणत्या प्रकारचें आहे, हें बंदूक कोणती व काडतूस कोणतें यांवरून ठरतें. सायलेन्सर कोणता, हा प्रश्न त्यानंतरचा आहे. १९०९ पासून १९४५ पर्यंत ज्यांनीं हें साधन रायफलीस व पिस्तुलास प्रथम लावून पाहिलें, त्यांना हाच धडा अनुभवानें शिकावा लागला. तो इतिहास आणि त्यांतून निघणारी कसोटी प्रस्तुत लेखांत मांडावयाची आहे.

१. नांवाचा विचार

‘सायलेन्सर’ म्हणजे शब्दशः गप्प करणारा. मराठींत त्यास ‘निःशब्दक’ म्हणावें, असें कोणासहि प्रथम सुचेल. परंतु ‘निस्’ हा उपसर्ग अभाव दाखवितो, आणि येथें शब्दाचा अभाव मुळींच होत नाहीं. इंग्रजींतहि पुढें ‘सप्रेसर’, म्हणजे दाबून धरणारा, हा शब्द रूढ झाला, तो याच कारणानें. संस्कृतांतील ‘शम्’ हा धातु या वस्तूस अधिक जुळतो. आयुर्वेदांत शोधन व शमन असा भेद करतात. शोधनानें दोष शरीराबाहेर काढला जातो, शमनानें तो असेल तेथेंच शांत केला जातो. बंदुकीच्या तोंडाशीं लावलेली ही नळी शमनच करते. म्हणून या लेखांत तिला ‘ध्वनिशामक’ म्हटलें आहे.

कायदे रचणाऱ्यांनीं या बाबतींत व्यापाऱ्यांपेक्षां अधिक सावधपणा दाखविला, ही लक्षांत घेण्याजोगी गोष्ट आहे. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या दुसऱ्या कलमांत ‘बंदूक’ या संज्ञेची जी व्याख्या आहे, तींत बाराचा आवाज किंवा ज्वाला ‘कमी’ करण्यासाठीं योजिलेल्या जोडसाधनांचा समावेश केला आहे. इंग्लंडच्या १९६८ च्या कायद्यांतहि जवळजवळ हीच शब्दयोजना आढळते. अमेरिकेच्या कायद्यांत आवाज बंद करणें, दडपणें आणि कमी करणें अशीं तिन्ही क्रियापदें एकत्र दिलीं आहेत. ‘नाहींसा करणारें’ एवढेंच म्हटलें असतें, तर कोणतीहि नळी त्या व्याख्येंत बसली नसती, आणि आरोपी सुटला असता!

२. बाराचा आवाज कोठून येतो

बंदुकीचा बार कानास एकच वाटतो. परंतु त्यांत तीन निरनिराळे आवाज मिसळलेले असतात.

पहिला आवाज वायूचा. दारू जळून उत्पन्न झालेला वायु प्रचंड दाबानें गोळीस पुढें लोटतो, आणि गोळी नळीच्या तोंडांतून सुटतांच तोहि तिच्यामागून एकदम बाहेर फुटतो. बुडबुड्यांच्या पाण्याच्या बाटलीचें बूच फट्‌कन उडतें, त्याचेंच हें भयंकर रूप होय. ध्वनिशामकाचा अधिकार चालतो तो याच आवाजावर. आंत एकापुढें एक आडपडदे असलेलें नळकांडें तोंडाशीं बसविलें, कीं वायूस त्या कप्प्यांतून फिरत, पसरत, निवत बाहेर यावें लागतें. बूच हळूहळू सैल करावें तसें होतें.

दुसरा आवाज गोळीचा स्वतःचा. हवेंत ध्वनीची गति ० अंश उष्णमानास सेकंदास सुमारें ३३१ मीटर आणि २० अंशांस सुमारें ३४३ मीटर असते. गोळी याहून वेगानें गेली, म्हणजे ती आपल्यापुढील हवेस बाजूला होण्यास अवसरच देत नाहीं. होडीच्या नाळेपासून दोहों बाजूंस लाट पसरते तशी धक्क्याची लाट तिच्यापासून पसरते, आणि ऐकणारास चाबकासारखा कडाडा ऐकूं येतो. हा आवाज गोळीच्या सबंध मार्गावर उत्पन्न होत जातो. बंदुकीच्या तोंडाशीं बसविलेली कोणतीहि वस्तु त्यास हात लावूं शकत नाहीं, हें उघड आहे.

तिसरा आवाज यंत्राचा : घोडा पडणें, बोल्ट मागें सरणें, रिकामें काडतूस बाहेर फेंकलें जाणें. एरव्हीं हा कोणास ऐकूंहि येत नाहीं. परंतु पहिले दोन शमल्यावर हाच ठळक होतो.

यावरून एक गोष्ट आपोआप निष्पन्न होते. मंद गोळीच्या बंदुकीस ध्वनिशामक लावला, तर फळ मोठें. वेगवान गोळीच्या बंदुकीस लावला, तर अर्धेंच. सेकंदास ३३५ मीटर जाणारी गोळी हिंवाळ्यांत गोठणबिंदूच्या थंडींत कडाडेल, आणि तीच उन्हाळ्यांत ३० अंशांस मुकाट्यानें जाईल. कारण तेव्हां ध्वनीच तिच्या पुढें असतो.

३. मॅक्सिम पितापुत्र

या साधनास व्यापारी यश मिळवून देणारा पुरुष म्हणजे हायरम पर्सी मॅक्सिम (१८६९–१९३६). त्याचा पिता सर हायरम मॅक्सिम यानें १८८० च्या दशकांत स्वयंचलित मशीनगन बनविली, आणि जगास पूर्वीं कधीं न ऐकलेला आवाज ऐकविला. पुत्रानें तो आवाज शमविण्याचा उद्योग केला. हा योग कोणा पुराणकारानें रचला असता, तर आपण त्यास कल्पित म्हटलें असतें. पुत्र हा मोटारींच्या धंद्यांतील यंत्रज्ञ होता, आणि पुढें १९१४ मध्यें हौशी रेडिओवाल्यांची अमेरिकन संघटना उभारण्यांतहि तोच अग्रभागीं होता. न्हाणीच्या टबांतील पाणी भोवरा धरून मोरींत उतरतांना पाहून वायूस असेंच फिरवीत सोडावें ही कल्पना आपणांस सुचली, असें तो सांगे.

३० मार्च १९०९ रोजीं अमेरिकेंत त्यास या नळीचें मुख्य पेटंट मिळालें. कनेक्टिकट संस्थानांतील हार्टफर्ड शहरीं त्यानें कंपनी काढली, आणि ‘मॅक्सिम सायलेन्सर’ या नांवानें ह्या नळ्या लोखंडी सामानाच्या दुकानांतून व टपालानेंहि विकल्या जाऊं लागल्या. त्या काळीं त्यांवर कोणताहि निर्बंध नव्हता. गिऱ्हाईक होतें तें मुख्यतः शेतकरी, शिकारी आणि घराच्या परसांत नेमबाजी करणारा गृहस्थ. शेजाऱ्यास उपद्रव न देतां सराव करतां यावा, हें जाहिरातींतील एक प्रधान आमिष असे. माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या विंचेस्टर रायफलीसहि मॅक्सिमची नळी होती.

१९१० च्या नमुन्यांत मॅक्सिमनें एक मार्मिक सुधारणा केली. नळकांडें बंदुकीच्या नळीपेक्षां जाड असल्यामुळें नेम धरतांना तें दृष्टीच्या आड येई. म्हणून गोळीचें छिद्र त्यानें मध्यावर न ठेवतां वरच्या बाजूस घेतलें, जेणेंकरून नळकांड्याचा फुगारा खालीं जावा व दृष्टि मोकळी राहावी.

४. रायफलीस लावतांना

मॅक्सिमच्या गिऱ्हाइकांपैकीं खरा संतोष कोणास मिळाला असेल, तर तो ०.२२ इंची लहान रायफल बाळगणारास. तिच्या काडतुसांत दारू चिमूटभर, आणि साध्या काडतुसाची गोळी ध्वनीच्या वेगाच्या आंतबाहेर चालणारी. तिला नळी लावली कीं बोल्टचा खटका व गोळी लक्ष्यावर आदळल्याचा आवाज एवढेंच काय तें उरतें. म्हणून ‘पहिली निवड’ या दृष्टीनें ०.२२ ची रायफल ही तेव्हांहि निर्विवाद होती.

सैनिकी रायफलीची गोष्ट निराळी. आपल्याकडील पोलिसांमुळें सर्वांच्या परिचयाची झालेली ‘थ्री-नॉट-थ्री’ घ्या. पहिल्या महायुद्धांतील तिच्या काडतुसाची गोळी सेकंदास सुमारें ७४० मीटर जाई. अमेरिकेच्या स्प्रिंगफील्ड रायफलीची ८२० मीटरांच्या आसपास. म्हणजे ध्वनीच्या दुपटीहूनहि अधिक. अमेरिकन लष्करानें स्प्रिंगफील्डवर मॅक्सिमची आणि मूर नांवाच्या दुसऱ्या संशोधकाची, अशा दोन्ही नळ्या पारखून पाहिल्या. तोंडचा बार शमला, ज्वाला झांकली, खांद्यास बसणारा धक्काहि सौम्य झाला. कडाडा मात्र जसाच्या तसा राहिला.

मग असें साधन व्यर्थ म्हणावयाचें काय? येथेंच पुष्कळ लेखकांची समजूत चुकते. रामायणांत दशरथानें पाण्यांत बुडणाऱ्या घागरीच्या आवाजावर बाण सोडला. शब्दावरून स्थान ओळखावें, हा शब्दवेधाचा पाया. रणांगणावरील सैनिकहि शत्रूच्या बाराच्या आवाजावरूनच तो कोठें दडला आहे हें ताडतो. आतां गोळीचा कडाडा हा बंदुकीच्या दिशेनें येत नाहीं. धक्क्याची लाट गोळीच्या मार्गाच्या बाजूनें येते, म्हणून ऐकणारास तो भलतीकडूनच आल्यासारखा वाटतो. तोंडचा बार ऐकूं आला, तरच खरें स्थान सांपडतें, आणि तो तर शमलेला! सारांश, वेगवान रायफलीचा ध्वनिशामक बार लपवीत नाहीं, बार करणारास लपवितो. ‘गोळीचा आवाज आला, पण कोठून तें समजेना,’ असें एखाद्या आठवणींत लिहिलेलें असेल, तर तें अगदीं विश्वसनीय आहे. ‘आवाजच आला नाहीं,’ असें त्याच रायफलीबद्दल लिहिलेलें असेल, तर तेथें थांबून विचार केला पाहिजे.

५. पिस्तुलास लावतांना

पिस्तुलाची गोळी सामान्यतः मंद असते, म्हणून तें ध्वनिशामकास अधिक योग्य, असें प्रथमदर्शनीं वाटतें. वेगाच्या दृष्टीनें तें बरेंचसें खरेंहि आहे. ०.४५ इंची अमेरिकन पिस्तुलाची गोळी सेकंदास २६० मीटरांच्या आसपास जाते, म्हणजे ध्वनीच्या खूपच मागें; ९ मिलिमीटरची सामान्य गोळी मात्र ३५० मीटरांच्या वर, म्हणजे सीमेच्या किंचित् पलीकडे जाते. परंतु पिस्तुलाच्या अडचणी गोळींत नसून यंत्रांत आहेत.

पहिली अडचण रिव्हॉल्व्हरची. त्यांतील काडतुसांचें फिरतें चक्र आणि नळी यांच्यामध्यें बारीक फट असते, आणि प्रत्येक बारास तींतून वायु बाहेर फुटतो. तोंडाशीं कितीहि उत्तम नळकांडें बसविलें तरी पाठीमागचें दार उघडेंच! म्हणून सामान्य रिव्हॉल्व्हरला सायलेन्सर हें दृश्य बोलपटांत कितीहि दिसलें, तरी व्यवहारांत निरर्थक आहे. यास प्रसिद्ध अपवाद रशियाच्या १८९५ च्या नागान रिव्हॉल्व्हरचा. त्याचें चक्र घोडा चढवितांना पुढें सरकून नळीशीं घट्ट बसे व फट बुजे. म्हणूनच मितिन बंधूंनीं बनविलेला व त्यांच्याच नांवावरून ‘ब्रामित’ म्हटला जाणारा ध्वनिशामक त्यावर चालूं शकला. हीच युक्ति दुसऱ्या महायुद्धांत मोसिन रायफलीसहि लावली गेली. मात्र तिच्याबरोबर कमी दारूचीं, मंद गोळीचीं वेगळीं काडतुसें द्यावीं लागलीं. रायफल तीच, नळी तीच. पण काडतूस बदलल्यावांचून इष्ट फल नाहीं!

दुसरी अडचण स्वयंभरण पिस्तुलाची. ब्राउनिंगच्या रचनेच्या बहुतेक मोठ्या पिस्तुलांत बार होतांच नळी स्वतः थोडी मागें सरून खालीं झुकते, आणि मग रिकामें काडतूस निघतें. तिच्या टोकास जड नळकांडें टांगलें, कीं ही हालचाल अडखळते आणि पिस्तूल दुसरी गोळी भरीत नाहीं. पुढें विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत नळकांड्यांतच स्प्रिंग बसवून ही अडचण दूर करण्यांत आली. परंतु पहिल्या पिढीस तो उपाय उपलब्ध नव्हता. म्हणून तिनें ज्याची नळी जागची हलत नाहीं असें पिस्तूल निवडलें, किंवा स्वयंभरणाचा मोहच सोडला.

६. महायुद्धांतील तीन शस्त्रें

दुसऱ्या महायुद्धांत हा सर्व अनुभव एकवटला. त्या काळचीं तीन शस्त्रें पाहिलीं, म्हणजे निवडीचें तत्त्व स्पष्ट होतें.

पहिलें, डी लाइल कार्बाइन. विल्यम डी लाइल या इंग्रज संशोधकानें ली-एन्फील्ड रायफलीचा सांगाडा व बोल्ट कायम ठेवला, परंतु तिचें वेगवान ०.३०३ चें काडतूस टाकून देऊन पिस्तुलाचें मंद ०.४५ चें काडतूस घेतलें. नळीभोंवतीं मोठें नळकांडें बसविलें. बोल्ट हातानें चालवावयाचा असल्यामुळें बाराच्या क्षणीं कोणतेंहि यंत्र हलत नसे. अशीं सुमारें १३० शस्त्रें तयार झालीं. बारापेक्षां बोल्ट ओढण्याचा आवाजच मोठा, अशी त्याची ख्याति झाली.

दुसरें, वेलरॉड. इंग्लंडांतील वेलविन येथील गुप्त कार्यशाळेंत हें पिस्तूल घडलें. ०.३२ इंची व ९ मिलिमीटर अशा दोन आकारांत तें होतें. येथें ध्वनिशामक मागाहून जोडलेला नव्हता. पिस्तूलच ध्वनिशामकाभोंवतीं रचलें होतें. प्रत्येक बारानंतर पाठीमागची गुंडी हातानें फिरवून ओढावी लागे. आंत रबराच्या चकत्या असत, आणि दहापंधरा बारांत त्या झिजून निकामी होत. पूर्ण शांततेच्या जवळ जावयाचें, तर टिकाऊपणा सोडावा लागतो, हा येथील धडा.

तिसरें, अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याचें ०.२२ इंची हाय स्टँडर्ड पिस्तूल. याची नळी स्थिर, काडतूस लहान, गोळी मंद. खात्याचे प्रमुख विल्यम डोनोव्हन यांनीं राष्ट्राध्यक्ष फ्रँक्लिन रूझवेल्ट मजकूर सांगण्यांत गुंतले असतां त्यांच्या दालनांत वाळूच्या पिशवीवर दहा गोळ्या झाडल्या, आणि राष्ट्राध्यक्षांस तें कळलेंहि नाहीं, अशी हकीकत सांगितली जाते. तिच्यांतील तिखटमीठ बाजूस ठेवलें, तरी आपल्या कसोटीस ती उतरते. हीच हकीकत स्प्रिंगफील्ड रायफलीची असती, तर ती निखालस दंतकथा ठरली असती. याच जातीचें पिस्तूल १ मे १९६० रोजीं रशियांत पाडल्या गेलेल्या यू-२ विमानाचा वैमानिक गॅरी पॉवर्स याच्याजवळ सांपडलें.

ब्रिटिशांच्या स्टेन या स्वयंचलित बंदुकीचा ध्वनिशामकयुक्त नमुना ही यांच्या मधली तडजोड होती. तिची ९ मिलिमीटरची गोळी सीमेच्या पलीकडची. म्हणून नळीसच छिद्रें पाडून थोडा वायु आधींच काढून घेतला व गोळी मंद केली. नळकांडें इतकें तापे, कीं हात भाजूं नये म्हणून त्यावर कापडी वेष्टन घालावें लागे, आणि एकेक गोळीच झाडावी अशी सूचना असे.

या सर्वांत एकच क्रम दिसतो : आधीं काडतूस, मग यंत्र, शेवटीं नळी. १९०९ च्या गिऱ्हाइकानें हा क्रम उलटा धरला होता. घरांत असलेल्या बंदुकीस तो नळी शोधीत होता.

७. कान आणि कायदा

नांवाच्या या भ्रमाचे परिणाम केवळ पुस्तकी नाहींत. ध्वनीचें माप डेसिबेलमध्यें करतात, आणि १४० डेसिबेलचा क्षणिक आघातहि कानास कायमची इजा करूं शकतो, असें मानलें जातें. लहान ०.२२ रायफलीचा बार या मर्यादेच्या आसपास, तर मोठ्या रायफलीचा १६० च्या वर जातो. चांगला ध्वनिशामक त्यांतून २० ते ३५ डेसिबेल कमी करतो. हें माप गुणाकाराचें असल्यामुळें २० डेसिबेल उतरले म्हणजे आघाताचा दाब एकदशांश झाला. लाभ मोठा खराच. परंतु १६५ मधून ३० वजा जातां १३५ उरतात, आणि त्यास शांतता म्हणतां येत नाहीं. ‘सायलेन्सर’ या नांवावर विसंबून जो कानांत बोळे घालावयाचें सोडील, तो त्या नांवाची किंमत आपल्या श्रवणशक्तीनें देईल.

उलट बाजूनें तेंच नांव कायद्यासहि भोंवलें. २६ जून १९३४ च्या अमेरिकन कायद्यानें ध्वनिशामक हे मशीनगनच्या पंक्तीस बसविले, आणि काहीं डॉलरांत मिळणाऱ्या नळीच्या प्रत्येक हस्तांतरावर २०० डॉलरांचा कर लादला. पित्याचें यंत्र व पुत्राची नळी अशा रीतीनें एकाच कायद्यांत आलीं. २०२५ मध्यें झालेल्या कायद्यानें नळीवरील हा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्यावर आणला. नोंदणीची अट मात्र राहिली. नॉर्वे, फिनलंड या देशांत शिकाऱ्याच्या रायफलीस ध्वनिशामक असणें ही नित्याची बाब आहे. तेथें ती नळी कानांची व शेजाऱ्यांची काळजी म्हणून ओळखली जाते. एकच वस्तु एका देशांत मारेकऱ्याचें साधन व दुसऱ्या देशांत सभ्यतेचें लक्षण मानली गेली, आणि या अंतरास वस्तूच्या गुणांइतकेंच तिचें नांव कारण झालें. आपल्याकडे वर सांगितलेल्या व्याख्येमुळें ती नळी स्वतःच ‘बंदूक’ या संज्ञेखालीं येते, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

८. उपसंहार

सायलेन्सरचा उल्लेख असलेला कागद, जबानी किंवा आठवण समोर आली असतां अभ्यासकानें चार प्रश्न विचारावे. काडतूस कोणतें, आणि त्याची गोळी ध्वनीच्या पुढें जाणारी कीं मागें राहणारी? शस्त्राच्या यंत्रांतून वायु किंवा आवाज अन्यत्र निसटतो काय? नळी नवी होती, कीं झिजलेली? आणि शेवटचा, बहुधा विसरला जाणारा प्रश्न : ऐकणारा कोठें उभा होता? बंदुकीच्या मागें, बाजूस कीं गोळीच्या मार्गाखालीं? या चार प्रश्नांचीं उत्तरें जुळलीं, तर ‘आवाज आला नाहीं’ हें विधान प्रमाण मानण्यास हरकत नाहीं. नाहीं जुळलीं, तर साक्षीदार खोटा ठरतो असें नव्हे. त्यानें ऐकलेला कडाडा बंदुकीचा आहे हें त्यास ओळखूं आलें नाहीं, एवढाच अर्थ पुष्कळदां निघेल. साक्षीदारास झिडकारण्यापूर्वीं ध्वनीचा हा साधा हिशेब करून पाहणें, हें इतिहासाच्या अभ्यासकाचें कर्तव्य आहे.